गल्ली, कॅमेरा आणि मागे उभी माणसे



ह्या व्याख्यानमालेत संतवाङ्मयावर, तेरच्या प्राचीन अवशेषांवर, हैदराबाद मुक्तिसंग्रामावर विद्वानांनी बोलावे आणि आम्ही मागच्या रांगेत बसून ऐकावे, हा आमचा आजवरचा शिरस्ता. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, वाचनालयाच्या बाकावर आणि रात्रीच्या एस. टी.त. अशा माणसाने ‘रॅपगीतांच्या चित्रफितींची शैली’ हा विषय मागून घेतला, तेव्हा चालकांना नवल वाटले. घरी तर आमच्या वयाचाच उद्धार झाला. तथापि हा विषय आमच्याकडे आपण होऊन चालत आला. तो कसा, ते आधी सांगतो.

तीन गाळप हंगामांपूर्वीची गोष्ट. आपल्या जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात हंगामी कामगारांचे चार महिन्यांचे पगार थकले होते. अर्ज झाले, निवेदने झाली, गेटसभा झाल्या. ढिम्म कोणी हलले नाही. एके दिवशी बॉयलरवर काम करणारा विशीतला एक मुलगा कचेरीत आला आणि म्हणाला, “काका, तुमचं भाषण कुणी ऐकंना झालंय. मी थकल्या पगारावर गाणं केलंय. गेटसमोर शूटिंग करू. तुम्ही निस्ती माणसं मागं उभी करा.”

आम्ही विचारले, “माणसं कशाला? तू गा की एकटा.”

तो हसला. “काका, मागं माणसं नसली तर ते रॅप दिसत नाही.”

आम्ही बावीस माणसे उभी केली. गाणे मोबाईलवर टिपले गेले आणि दोन दिवसांत जिल्हाभर फिरले. पुढे काय झाले, ते शेवटी सांगू. कारण त्या मुलाच्या वाक्यामागे पन्नास वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि तो आम्हांला वेळीच ठाऊक असता, तर जे घडले ते घडले नसते.

रॅप म्हणजे ठेक्यावर, यमकात, वेगाने बोलणे. त्याचा जन्म न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागातला. हमरस्त्यासाठी तिथल्या वस्त्या उठवल्या गेल्या होत्या, १९७० नंतरच्या काळात इमारतीमागून इमारती आगीत जळत होत्या, आणि काळ्या व पोर्टोरिकन गरिबांच्या पोरांना काम नव्हते. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक अव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत, जमैकातून आलेल्या कूल हर्क नावाच्या तरुणाने आपल्या बहिणीने भरवलेल्या मेजवानीत तबकड्या वाजवल्या. गाण्यातला फक्त ठेक्याचा तुकडा तो दोन तबकड्यांवर पुनःपुन्हा वाजवी, आणि त्यावर माणसे नाचत, बोलत. हिप हॉप ह्या कलेची जन्मतारीख म्हणून हीच तारीख मानली जाते.

ह्या जन्मात कॅमेरा कुठेच नव्हता. तो आला नंतर. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही ही गाणी दाखवणारी वाहिनी सुरू झाली. गाणे विकायचे तर त्याचे चित्र हवे, हा नियम तेव्हापासून पक्का झाला. पण ह्या वाहिनीवर आरंभी काळ्या गायकांना जागा फार थोडी. केवळ रॅपसाठी ‘यो! एमटीव्ही रॅप्स’ हा कार्यक्रम यायला १९८८ उजाडले.

दरम्यान १९८२ मध्ये ग्रँडमास्टर फ्लॅश आणि फ्युरियस फाइव्ह ह्यांचे ‘द मेसेज’ आले. त्याचे चित्रण न्यूयॉर्कच्या खऱ्या रस्त्यांवरचे: पडक्या इमारती, वाहनांची गर्दी, कोपऱ्यावर उभी पोरे. शेवटी पोलिसांची गाडी येते आणि गाणाऱ्यांनाच उचलून नेते. ज्यांना सुंदर नेपथ्य परवडत नव्हते, त्यांनी आपली वस्तीच नेपथ्य केली. त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईत गिरणीकामगारांचा संप सुरू झाला होता. एकीकडे सुमारे अडीच लाख माणसांचा रोजगार पणाला लागलेला, दुसरीकडे रोजगार कधी मिळालाच नाही अशी पोरे रस्त्याच्या कडेला उभी. दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता. पण तो रस्ता पाहताना आम्हांला परका वाटला नाही, एवढे खरे.

आता ह्या चित्रांचे संकेत पाहू. संस्कृत काव्यात चकोराने चांदणे प्यावे असा संकेत असतो. लावणीत शृंगाराचे, पोवाड्यात वीराचे संकेत असतात. तसे ह्या चित्रफितींचेही ठरलेले आहेत.

पहिला संकेत जागेचा. गाणारा आपल्या वस्तीत उभा राहतो आणि तिचे नाव घेतो. दुसरा घोळक्याचा. मागे मित्र असतात. त्यांना गायचे नसते, नुसते उभे राहायचे, मान डोलवायची, हात उंचवायचे. तिसरा नजरेचा. सिनेमातला नट कॅमेऱ्याकडे पाहात नाही, चोरून पाहिल्यासारखी ती कथा आपण पाहतो. रॅप गाणारा मात्र थेट भिंगात पाहतो, जणू तुमच्या छातीला बोट लावून बोलतो. चौथा संकेत कॅमेऱ्याच्या उंचीचा. कॅमेरा गुडघ्याच्या खाली ठेवून वर पाहतो, म्हणजे ज्याला जग खाली पाहते, तो मनुष्य इमारतीएवढा दिसतो. पाचवा संकेत कापाकापीचा: चित्र बदलायचे ते ठेक्याच्या ठोक्यावर, एरवी नाही.

ह्यात भर घातली हाइप विल्यम्स ह्या दिग्दर्शकाने. त्याने माशाच्या डोळ्यासारखे फुगीर भिंग वापरले. दाराच्या भोकातल्या काचेतून पाहुणा जसा दिसतो, नाक मोठे आणि बाकी सगळे मागे पळालेले, तसे त्यातून दिसते. पुढे केलेला हात पडदा भरून येतो. १९९७ मध्ये बस्टा ऱ्हाइम्स आणि मिसी एलियट ह्यांच्या चित्रफिती त्याने ह्या भिंगातून केल्या आणि पुढे वर्षानुवर्षे सगळे तसेच करू लागले. त्याच सुमारास रस्ता मागे पडला आणि चकचकीत कपडे, मोटारी, सोन्याच्या साखळ्या, पोहण्याचे तलाव पुढे आले.

ह्या सोन्यावर आमच्यासारखे लोक चटकन तोंडसुख घेतात. आम्हीही घेत होतो. पण एक गोष्ट कळली आणि जीभ आवरली. त्या काळी अमेरिकेत चित्रफितीचा खर्च कंपनी करी, आणि करारान्वये तो पूर्ण किंवा निम्मा तरी गायकाच्या हिश्श्यातून वळता करून घेई. म्हणजे पडद्यावर नोटा उधळणारा मनुष्य पुष्कळदा कर्जात उभा होता. ऊसतोड कामगार दसऱ्याच्या आसपास मुकादमाकडून उचल घेतो, त्यात लग्न उरकतो, मांडव सजवतो, आणि मग हंगामभर कोयता चालवून ती फेडतो. त्याच्या मांडवातली रोषणाई पाहून कोणी त्याला श्रीमंत म्हणेल काय? तिथले सोने आणि इथली रोषणाई एकाच खात्यावर मांडलेली आहे.

बायकांचे काय? बहुतेक चित्रफितींत त्यांना मोटारीइतकीच किंमत: शोभेची वस्तू. म्हणून मिसी एलियटची ‘द रेन’ ही १९९७ ची चित्रफीत मोलाची. तिने हवा भरलेला काळा, फुगा झालेला अंगरखा घातला. अंग दाखवायचे नाही, आणि जागा मात्र सगळी व्यापायची! भिंग हाइप विल्यम्सचेच, संकेत तेच. पण ते उलटे फिरवले. साचा तोच ठेवून त्यातून दुसरे काढता येते, हा धडा त्यात आहे. आमच्या चळवळीनेही तो घ्यावा. कारण आमच्या व्यासपीठांवरही बायकांना बहुधा हार घालण्यापुरते बोलावतात.

आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची चित्रफीत १९८९ ची. ‘पब्लिक एनिमी’ ह्या मंडळींचे ‘फाइट द पॉवर’ हे गाणे स्पाइक ली ह्या दिग्दर्शकाने ब्रुकलिनच्या रस्त्यावर चित्रित केले. आरंभी १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाची जुनी वृत्तचित्रे येतात आणि मग नवा मोर्चा येतो: फलक, पुढाऱ्यांच्या तसबिरी, आणि रस्ता भरून माणसे. ह्यात घोळका गाणाऱ्याच्या मागे शोभेला उभा नाही, तो त्याच्या चारी बाजूंनी चालतो आहे. गाणारा मोर्चाचा एक भाग आहे. घोळका आणि मोर्चा ह्यांतला हा भेद ध्यानात ठेवावा, पुढे कामाला येईल.

आता आपल्याकडे वळू. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या. १९९२ मध्ये बाबा सेहगल ह्यांच्या ‘ठंडा ठंडा पानी’ने हिंदीत रॅप घरोघरी पोहोचवले, पण ती गंमत होती, त्यात वस्ती नव्हती. वस्ती आली ती वीस वर्षांनी. कुर्ल्याच्या नेझी ह्या तरुणाने २०१४ मध्ये ‘आफत’ हे गाणे आयपॅडवरच मुद्रित केले आणि चित्रणही त्याच यंत्रावर केले. ना स्टुडिओ, ना दिग्दर्शक. २०१५ मध्ये तो आणि अंधेरीच्या जे. बी. नगरचा डिवाइन ह्यांचे ‘मेरे गली में’ आले. शीर्षकातच गल्ली. दोघे आपापल्या वस्तीच्या बोळांतून चालतात आणि अवतीभोवती तिथलीच माणसे दिसतात. २०१६ च्या सप्टेंबरपासून मोबाईलवरचे इंटरनेट स्वस्त झाले, तेव्हा ही गल्ली कळंब, भूम, परंड्याच्या पोरांच्या हातात आली. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी झोया अख्तर ह्यांचा ‘गली बॉय’ प्रदर्शित झाला. डिवाइन आणि नेझी ह्यांच्या आयुष्यावरून सुचलेली, धारावीत घडणारी ती कथा. तिला तेरा फिल्मफेअर पारितोषिके मिळाली. ज्या बोळांतून लोक नाक मुठीत धरून जात, ते बोळ एकाएकी शोभिवंत ठरले.

ह्यात आनंद मानावा, तशी धास्तीही बाळगावी. मुंबई-पुण्याच्या अशा वस्त्यांत १९७२ च्या दुष्काळाने आपल्याच भागातली किती कुटुंबे नेऊन सोडली, ते आपण जाणता. त्यांच्या भिंती आता सुंदर दिसू लागल्या. त्या भिंतींत राहणाऱ्यांच्या नळाला पाणी आले की नाही, हे चित्र सांगत नाही.

इथे कोणी म्हणेल, ही सगळी परदेशी नक्कल. तर दुसरा कोणी म्हणेल, रॅप मुळात आपलेच, आपला गोंधळ आणि पोवाडा म्हणजे रॅपच. आम्हांला दोन्ही बोलणी मान्य नाहीत. ब्राँक्सच्या पोरांनी तुळजापूर पाहिले नव्हते आणि आपल्या गोंधळ्यांनी ब्राँक्स. कुळे वेगळी आहेत. पण गरज सारखी असली की रीतही सारखी निघते, हे मात्र खरे. तुळजापूरच्या आईच्या गोंधळात संबळ वाजतो, दिवटी पेटते, आणि एकेका देवतेला तिच्या गावाचे नाव घेऊन बोलावले जाते. गावाशिवाय देवालाही आवतण नाही! शाहीर पोवाड्याच्या शेवटच्या चौकात आपले नाव, गाव, गुरू सांगतो. आणि त्याच्या मागे कोण उभे असतात? झीलकरी. तुणतुणे धरून, सूर उचलून धरणारे. झीलकरी नसेल तर शाहिराचा दम तुटतो. आमचा बॉयलरवरचा मुलगा म्हणाला त्यात नवे काही नव्हते. झीलकऱ्यावाचून पोवाडा उभा राहात नाही, एवढेच तो आपल्या भाषेत सांगत होता.

शाहीर अमर शेख आपल्या शेजारच्या बार्शीचे, जन्म १९१६. कामगार चळवळीतूनच ते वर आले. १९४४ मध्ये त्यांनी, अण्णाभाऊ साठे आणि गवाणकर ह्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. अण्णाभाऊंनी तमाशाचा साचा घेतला, पण गणात गणेशाच्या जागी मायभूमीला वंदन आणले आणि राजा-राणीच्या जागी सावकार आणि कामगार उभे केले. मिसी एलियटने भिंगाचे जे केले, ते अण्णाभाऊंनी तमाशाचे आधीच केले होते. साचा कोणाचा, हा प्रश्न गौण आहे. तो कोणाच्या हातात आहे, हा खरा प्रश्न.

त्या कलापथकाची गाणी मैदानात होत. ऐकणारा हजारोंच्या गर्दीत बसे आणि पहाटे घरी जाई. गर्दीची नोंद राही ती गर्दी म्हणून. कोणाचा चेहरा कोणाच्या दप्तरी जात नसे. पुढे उभा राहिलेला शाहीर काय ती जोखीम घेई. इथेच जुना फड आणि नवी चित्रफीत ह्यांची फारकत होते. आज शाहिराइतकाच झीलकऱ्याचाही चेहरा टिपला जातो, थांबवून पाहता येतो, मोठा करून पाहता येतो.

जोखीम गाणाऱ्यालाही आहेच. स्वदेशी ह्या मुंबईच्या मंडळींनी आरे जंगलातल्या आदिवासींचे दुःख वारली उठावाच्या नावाने २०१९ मध्ये गायले, आणि त्यात तिथलेच प्रकाश भोईर ह्यांचा आवाज घेतला. एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे ह्यांच्यावर राजकारण्यांना चिमटे काढणाऱ्या मराठी रॅपबद्दल अंबरनाथला गुन्हा नोंदला गेला. त्याच महिन्यात उमेश खाडे ह्यांना मुंबईत पोलिसांनी बोलावून घेतले. दोघांची नावे वर्तमानपत्रांत आली, विधिमंडळातल्या पुढाऱ्यांनी त्यांची बाजू घेतली, वकील उभे राहिले. गाणाऱ्याला नाव असते, म्हणून त्याला पाठीराखे मिळतात. मागे उभ्या माणसाला नाव नसते. त्याला फक्त चेहरा असतो.

आता आमच्या गेटकडे परत येऊ.

गाणे फिरले. आठव्या दिवशी दोन महिन्यांचा पगार जमा झाला. आम्ही कचेरीत पेढे वाटले. पुढच्या हंगामाची बोलावणी निघाली, तेव्हा बावीसांपैकी नऊ जणांना बोलावणे नव्हते. गाणाऱ्या मुलाला होते. त्याला काढले तर बोभाटा होईल, हे तिथल्या जाणत्यांना कळत होते. नऊ जण मात्र मोबाईलच्या चित्रातून एकेक करून वेचले गेले होते. कागदावर कारण काहीच नव्हते, कारण हंगामी माणसाला न बोलावण्यास कारण लागतच नाही. आम्ही कामगार अधिकाऱ्यांकडे खेटे घातले, बैठका झाल्या. सहा जण परत घेतले गेले. तिघे राहिले. त्यातला एक आता पुण्याकडे पहाऱ्याची नोकरी करतो, दोघांनी कोयता धरला.

त्या तिघांपैकी एकाच्या आईने आम्हांला दारात विचारले, “समदी पोरं दिसत्यात त्यात. तुम्ही कुठं दिसत न्हाई ते?”

बाईचे म्हणणे खरे होते. आम्ही त्या दिवशी मोबाईल धरणाऱ्याच्या बाजूला उभे होतो. माणसे कुठे उभी राहावीत, ते आम्ही हाताने दाखवत होतो. तीस वर्षे मोर्चात पुढे चालणारा मनुष्य चित्रात नव्हता, आणि ज्यांना कायमपणाचा कागद नाही, ती पोरे पहिल्या रांगेत होती. आम्ही मोर्चा काढला नव्हता. आम्ही घोळका उभा केला होता.

तो मुलगा आमच्याहून शहाणा निघाला. पुढच्या गाण्याच्या वेळी त्याने कॅमेरा खाली ठेवला, पण चेहऱ्यांकडे वळवला नाही. हात घेतले: भाजलेले, वंगणाचे, एक बोट गेलेले. पाय घेतले. गेटकडे तोंड केलेल्या पाठी घेतल्या. चेहरे तीनच, तिघांनी आपण होऊन दिलेले: त्याचा, युनियनच्या अध्यक्षांचा आणि आमचा. वस्तीचा संकेत राहिला, नजरेचा राहिला, ठेक्याचा राहिला. मागे माणसेही राहिली. फक्त त्यांना ओळखून वेचणे कठीण झाले. आमच्या युनियनने तेव्हापासून ठरावच केला आहे: चित्रात उभे राहण्याआधी प्रत्येकाला त्याची जोखीम सांगायची, आणि ज्याची नोकरी कच्ची त्याचा चेहरा पुढे आणायचा नाही.

बंधुभगिनींनो, आपल्या घरी पोरे ही गाणी पाहतात, तेव्हा हातातला मोबाईल हिसकावून घेऊ नका. शेजारी बसा. गाणारा कोणत्या गावाचे नाव घेतो ते ऐका, मोटार कोणाच्या पैशाची आहे ते विचारा, आणि मागे उभ्या माणसांकडे एकवार नीट पाहा. गाणे संपल्यावर ती माणसे कुठे जातात, हे जो विचारील, त्याला ह्या कलेचे मर्म कळले असे आम्ही समजू. आम्हांला ते कळायला तिघांची रोजी खर्ची पडली. ते ऋण आमच्या डोक्यावर आहे, आणि ते चारचौघांत बोलून दाखवावे, ह्याच हेतूने हे व्यासपीठ मागून घेतले होते.